‘गिव्ह अप्’ आणि पन्हाळा

इंग्रजींत ‘गिव्ह’ म्हणजे देणें आणि ‘अप्’ म्हणजे वर. पण या जोडीचा अर्थ ‘वर देणें’ असा होत नाहीं. व्यसन सोडणें, रोग्याची आशा सोडणें, गाडींतील आपली जागा दुसऱ्यास देणें, किल्ला शत्रूच्या स्वाधीन करणें, हे सारे अर्थ तींत सामावले आहेत. अशा जोडक्रियापदांपाशीं परकीय माणूस अडखळतो, हें डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें होतें.

मराठी विद्यार्थी ‘सोडून देणें’ हा प्रतिशब्द पाठ करतो. शब्द सोयीचा खरा, आणि त्यांत ‘देणें’ही आलेंच आहे! मात्र हें ‘देणें’ कोणाला कांहीं देत नाहीं. तें सोडण्याची क्रिया पुरी करतें, इतकेंच. ‘ईट अप्’ म्हणजे खाऊन टाकणें. तेथेंही कोणी कांहीं टाकीत नाहीं. हें साम्य मुलांस आधीं दाखविलें, तर याद्यांची घोकंपट्टी पुष्कळ वांचेल.

इतिहासाच्या तासाला मात्र हा प्रतिशब्द घात करतो. जून १६६५ मध्यें पुरंदरच्या तहानें शिवाजी महाराजांनीं २३ किल्ले मोंगलांस दिले व १२ आपणांकडे राखले. येथें इंग्रजींत ‘गेव्ह अप्’ शोभतें. मराठींत ‘सोडून दिले’ म्हटलें कीं, किल्ले टाकून निघून गेल्याचा भास होतो. ते तर मोजून, कलमांनीं दिलेले होते. आणि १६७० सालीं सिंहगड व पुरंदर परत आलेही.

कोल्हापूरकरांस याहून जवळचा दाखला पन्हाळ्याचा. जुलै १६६० मध्यें सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून महाराज रात्रीं निसटून विशाळगडास गेले. त्यांनीं पन्हाळा सोडला. पण इंग्रजींत त्याला ‘लेफ्ट’ म्हणावें लागेल, ‘गेव्ह अप्’ नव्हे. कारण गड मराठ्यांच्याच ताब्यांत होता. तो आदिलशाहीस दिला गेला सप्टेंबरांत, आणि पुन्हा स्वराज्यांत आला १६७३ सालीं. दोन्ही ठिकाणीं ‘सोडला’ लिहिणारें भाषांतर मधले दोन महिने पुसून टाकतें, आणि त्यांबरोबर गडावर मागें राहिलेल्या शिबंदीलाही. जुलैंत गड सोडला. सप्टेंबरांत तो स्वाधीन केला.