परसदाराची वाट : गारगोटी ते बजवाडा

धार-देवासच्या मराठी घरांचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण पवारांच्या घोडदळापासून सुरुवात करतो. १७२८ च्या सुमारास बाजीरावांच्या फौजेबरोबर तुकोजी आणि जिवाजी पवार माळव्यात आले, देवासला थोरली आणि धाकटी पाती झाली, धारेला आनंदरावांची गादी बसली. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार आले. वाड्यांच्या अंगणात तुळशीवृंदावन आले आणि मागच्या दारी, मोरीच्या पाण्यावर, अळू, कढीलिंब, कर्दळ. या परसदाराची नोंद कोण ठेवणार? आम्ही स्वतः सरकारी दप्तरातले. ज्यावर सारा नाही त्याची नोंद नाही, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

राजवाड्याच्या बागेचे तसे नाही. थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव म्हणून इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासला होते आणि बागांची देखरेखही त्यांच्याकडे होती. पुढे त्यांनी पुस्तक लिहिले, म्हणून ती बाग इतिहासात गेली. आजीचे अळू गेले नाही.

पुढे वाडे पडले, प्लॉट झाले. १९९० च्या सुमारास तर देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्याला पाणी नाही तिथे झाडाला कुठून घालणार? परसदार त्या काळातच मोडले असे आमचे मत आहे.

पण त्याच सुमारास महाराष्ट्रात परसदाराचे शास्त्र तयार होत होते. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४-२००१), नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू, मूळचे गणिताचे. कोल्हापूरकडे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले, ‘प्रयोग परिवार’ उभा केला, द्राक्ष बागायतदारांना स्वतःच्या बागेत प्रयोग करायला शिकवले. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हा त्यांचा हिशोब.

त्यांचेच शिष्य दीपक सचदे आपल्या देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाड्याला येऊन राहिले. भाजी-फळांपुरता हिशोब त्यांनी हजार चौरस फुटांवर, म्हणजे जेमतेम एका गुंठ्यावर आणला. या गोल बागेचे नाव ‘गंगा माँ मंडल’. तिचे मूळ ‘अमृतजला’त : एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस ढवळायचे, चौथ्या दिवशी शंभर लिटर पाण्यात मिसळायचे. त्यात वाळलेला पालापाचोळा दिवसभर भिजवून मातीबरोबर थर लावायचे, वर निरनिराळ्या चवींचे बी पेरायचे आणि कोवळी रोपे छाटून त्याच ढिगात जिरवायची. साडेचार महिन्यांत माती तयार होते. पाणीही बेताचेच लागते, आणि देवासकरांसाठी हेच महत्त्वाचे.

नेमावरला सिद्धनाथाच्या दर्शनाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो, पण जवळच्या बजवाड्याचे नाव किती घरांत ठाऊक आहे? आमच्याकडे गच्चीवर अर्धा ड्रम आहे. ढवळण्याचा मान आईचा, पाने गोळा करणे मुलांकडे, आणि शेणाची बादली जिन्यावरून वर नेणे अर्थात आमच्याकडे. यंदा विसर्जनानंतर मंडळाचे निर्माल्य, दूर्वा आणि मखराची पाने आम्ही मागून घेणार आहोत. ज्यांना ढीग लावायला यायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे.