वाक्याचा ओघ आणि त्याचे परीक्षक

पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी मुलाच्या गद्यलेखनाची खरी परीक्षा शाळेत होत नसे, ती दफ्तरात होई. पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवून, पावकी-निमकी घोकून आणि मोडीचे वळण हाती बसवून मुलगा बाहेर पडला, म्हणजे तो एखाद्या चिटणिसाच्या किंवा फडणिसाच्या हाताखाली उमेदवारी करू लागे. आणि कोणास कोणता मायना घालावा, मजकूर कोठे आवरावा, याचे शिक्षण त्याला ‘मेस्तक’ नावाच्या लेखनविषयक टिपणांतून व वडील कारकुनांच्या तोंडून मिळे. मोडी लिहिताना लेखणी शक्यतो उचलायची नसे, शब्दाशब्दांमध्ये अंतर बहुधा सोडले जात नसे, आणि विरामचिन्हे तर नव्हतीच. अशा स्थितीत वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्यास वाक्यानेच सांगावे लागे: क्रियापद आपल्या जागी आले, ‘ऊन’कारान्त धातुसाधितांची मालिका पुरी झाली, ‘त्यास’ किंवा ‘येणेप्रमाणे’ असा शब्द पुढे दिसला, की वाचणारा श्वास घेई. पत्र पुष्कळदा धन्यास वाचून दाखवावयाचे असे, म्हणून मसुद्यातील अडखळण लपून राहणे कठीण असे. त्या कारकुनी गद्याला कोणी वाङ्मय म्हणत नाही. परंतु वाक्याच्या ओघाची इतकी कठोर कसोटी आपल्याकडे पुन्हा क्वचितच लागली, असे मला वाटते.

पुढे इंग्रजी अमलात छापील क्रमिक पुस्तके आली आणि ही कसोटी कानाकडून डोळ्याकडे सरकू लागली. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात सहकारी असलेले मेजर टॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि शालेय ग्रंथांच्या संशोधनाचे काम त्यांच्याकडे दीर्घकाळ असल्यामुळे ती चिन्हे मुलांच्या वह्यांपर्यंत पोहोचली. कँडींनी मराठीवर उपकार केले, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. स्वल्पविराम व पूर्णविराम यांवाचून आजचे गद्य वाचण्याची कल्पनाही आपणांस करवत नाही. तथापि ज्या वाक्याचा सांधा मुळातच निखळलेला आहे, त्यालाही स्वल्पविरामाचा टेकू देऊन उभे करता येते, ही सवलत विद्यार्थ्याला तेव्हापासूनच मिळाली.

या सवलतीचे दुष्परिणाम विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ओळखले. ते स्वतः पुण्यास व रत्नागिरीस सरकारी शाळांतून शिकवीत होते, आणि शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘शालापत्रका’चे संपादनही त्यांनी केले होते, म्हणून मुलांचे गद्य कोठे बिघडते हे त्यांस प्रत्यक्ष ठाऊक असले पाहिजे. 1874 साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’चा आरंभच त्यांनी मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधाने केला, आणि पुढे भाषापद्धती, भाषादूषण, लेखनशुद्धी हे विषयही हाती घेतले. परंतु नियमांहून अधिक शिकविले ते त्यांच्या वाक्यांनीच. जॉन्सन आणि मेकॉले यांचे वाचन त्यांच्या रक्तात भिनलेले असताही त्यांचे लांबलचक वाक्य मराठीच राहते, याचे कारण मराठीत क्रियापद शेवटी येते ही गोष्ट त्यांनी अडचण न मानता बळ मानली; उपवाक्यांमागून उपवाक्ये रचून वाचकाची अपेक्षा ते ताणीत नेतात, आणि ती अगदी अखेरच्या पदाशी पुरी करतात.

गोपाळ गणेश आगरकरांनी या विषयाला शास्त्राची बैठक दिली. ज्या 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढला, त्याच सालचा त्यांचा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ आहे. समाजसुधारणेच्या धकाधकीत या मनुष्याने वाक्याच्या अवयवांचा विचार करण्यास वेळ काढला, याविषयी मला नितांत आदर वाटतो. उद्देश्य, विधेय, त्यांचे विस्तार, केवल, मिश्र आणि संयुक्त हे वाक्यप्रकार, हा सर्व विचार शाळांच्या अभ्यासात रुजला, आणि आखलेल्या रकान्यांत वाक्य मोडून मांडण्याचा परिपाठ पडला. परीक्षकास ते सोयीचे होते. रकाना बरोबर भरला की गुण देता येतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू शकत नाही.

ओघ मात्र रकान्यात येत नाही. ‘जो मुलगा काल आला होता, त्याला मी पुस्तक दिले’ आणि ‘मी त्या मुलाला पुस्तक दिले, जो काल आला होता’ ही दोन वाक्ये पृथक्करणाच्या तक्त्यात सारखीच ठरतात. दोन्ही मिश्र, दोहोंतील गौण वाक्य तेच, कर्म तेच. पण पहिले वाक्य चालते, आणि दुसरे ‘दिले’पाशी संपून पुन्हा नाइलाजाने उठते. इंग्रजीतून उतरलेली ही दुसरी तऱ्हा विद्यार्थ्यांच्या निबंधांत पानोपानी आढळते, आणि परीक्षक समासात ‘वाक्यरचना सदोष’ असा शेरा मारून पुढे जातो. विद्यार्थ्याला दोष कोणता हे कळत नाही, कारण त्याच्या व्याकरणाप्रमाणे तेथे दोषच नसतो. तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ते वाक्य त्याच्याकडूनच वर्गात मोठ्याने वाचवून घ्यावे. ‘दिले’ म्हटल्यावर त्याचा आवाज खाली येतो आणि ‘जो’ म्हणताना तो पुन्हा चढवावा लागतो. तेथे तो बहुधा स्वतःच थांबतो, आणि शिक्षकाने काही न सांगताच ‘जो’ उचलून वाक्याच्या आरंभी नेतो.