घागरीतले शुभवर्तमान

दिवाळीच्या आधी आठ दिवस आपल्याकडे घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, कोनाडे झाडले जातात, आणि कपाटामागून कधी काळी हरवलेली अंगठी किंवा एखादा जुना रुपया हाती लागतो. त्या क्षणी घरातल्या बाईचा चेहरा पाहावा! शेजारणीला हाक मारून सांगितल्यावाचून तिला राहवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी येशूने आपल्या श्रोत्यांपुढे नेमका हाच प्रसंग उभा केला होता. एका बाईजवळ रुप्याची दहा नाणी होती, त्यांतले एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले, कोपरान् कोपरा धुंडाळला आणि नाणे सापडताच मैत्रिणी व शेजारणी गोळा केल्या. चुकलेला माणूस परत फिरला की देवाघरीही असाच आनंद होतो, एवढेच त्याचे तात्पर्य.

मोठी मौज अशी की, येशूच्या शिकवणुकीतले बहुतेक दाखले असेच घरगुती आहेत. देवाचे राज्य कशासारखे? तर मोहरीच्या दाण्यासारखे, पिठात कालवलेल्या खमिरासारखे, मासे पकडण्याच्या जाळ्यासारखे. चिकाटीची प्रार्थना कशी? तर मध्यरात्री भाकरीसाठी मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसासारखी. शास्त्रीपंडितांनी ग्रंथ उघडावेत आणि याने चुलीकडे बोट दाखवावे, असा तो प्रकार होता. म्हणूनच हा धर्म एखाद्या देशात केव्हा आला, हे तेथील चर्चच्या पायाच्या दगडावरून ठरवू नये. तेथल्या माणसांना आपल्या चुलीपाशी, आपल्या पाणवठ्यावर हे धडे केव्हा सापडले, ते पाहावे. मराठी मुलखापुरते बोलायचे तर त्याला फार वेळ लागला. आणि तो धडा ज्यांना सापडला त्या बाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.

या वाटेवरचा पहिला मोठा पांथस्थ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने इथली भाषा अशी आत्मसात केली की, १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! गोव्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ग्रंथ रोमी लिपीत छापावा लागला. नव्या ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. स्टीफन्सने त्यांना ओवी परत दिली. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले, मराठीची थोरवी सांगताना मोगऱ्याची आणि मोराची उपमा दिली. पुढे पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवरच घाव घातला. पहिल्या छापाची एकही प्रत आज हाती नाही, तरी हाताने उतरलेल्या पोथ्यांतून हा ग्रंथ जगला. भाषेपुरता धर्म घरात आला होता. परंतु घरातल्या भेदांना त्याने हात घातला नव्हता. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जाती राहिल्या त्या राहिल्याच.

एकोणिसावे शतक उजाडले ते वादाचे. श्रीरामपूरला केरीच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. १८४२ साली नगरास ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांची वाग्युद्धे झडत होती. त्याच साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ बाहेर पडले. त्यात विधवांच्या हालांचे चित्र आहे, आणि त्या चित्रात रोजचे घर प्रथमच दिसते. एरवी सारा काळ खंडनमंडनात गेला. वादात जिंकलेला माणूस घरी जाऊन त्याच पाटावर, त्याच पंक्तीत जेवायला बसे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. आईच्या वडिलांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली होती, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, असा त्या घरचा कडक कायदा. मुलांना ज्या गोष्टीची सर्वांत अधिक धास्ती वाटायची, ती म्हणजे विटाळ. पाणी कोणी भरले, कोणी शिवले, सावली कोणाची पडली, हेच त्या बालपणीचे धडे.

१८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, तापट, लहरी, मोठ्या मनाचे. पैसा हातात टिकायचा नाही आणि पाय एका गावी ठरायचा नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बातमी कळल्यावर लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, ती ‘स्मृतिचित्रां’त मुळातूनच वाचावी. नवरा जिवंत, पण मेल्याहून दूर; पदरात लहानगा दत्तू. चार-पाच वर्षे त्या नात्यागोत्याच्या आधारे पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी राहिल्या. अखेरीस नवऱ्याच्या ओढीने नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या. त्या आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच! वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळी भांडी. टिळकांनी सक्ती केली नाही, ही त्यांची थोरवी. एकाच संसारात दोन धर्म आणि त्यांच्यामध्ये एक घागर, असा तो काळ होता.

आणि मग एके दिवशी ती घागर फुटली. कोणी प्रवचन दिले नाही, कोणी वाद घातला नाही. लक्ष्मीबाई आपल्या मनाशीच विचार करीत बसल्या होत्या. जाती केल्या कोणी, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जशा निरनिराळ्या जाती डोळ्यांना दिसतात, तसा काही फरक माणसामाणसांत दिसला नसता का? जन्म सारखा, मरण सारखे, हाडामांसाचा देह सारखा. मग हा भेद माणसाने केलेला! विचार अगदी साधा. तिसरीतले पोरही तो मांडील. परंतु ज्या बाईने बालपणापासून विटाळाचा धसका घेतला, तिने तो मांडायचा म्हणजे स्वतःच्या घराचा पाया उकरायचा. त्यांनी तो उकरला. येथून पुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि ठरवले तसे केले. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. आधी पाणी प्याल्या, मग पाणी डोक्यावर घेतले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीची कथा आहे. दुपारची वेळ, थकलेला येशू विहिरीपाशी बसलेला. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. बाई चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी भांडेपाण्याचा व्यवहार ठेवीत नसत. इतर देशांतल्या वाचकाला ही कथा समजावून सांगावी लागत असेल. मराठी माणसाला टीप नको. १८६८ साली, लक्ष्मीबाई जन्मल्या त्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन्ही प्रसंगांना त्या विहिरीच्या कथेची गरज नव्हती. पण तिन्हीकडे कसोटीला लागले ते पाणीच.

पुढला संसार पाहिला म्हणजे तो एका दिवसाचा उमाळा नव्हता हे कळते. टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळा. अनाथ पोरे यायची, कवी यायचे. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले आणि या माउलीच्या हातचे जेवले. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबाच्या वाटेने, असे टिळक मोकळेपणे सांगत. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, कीर्तन आणले. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य थोडक्या अध्यायांवर अडले होते. त्याच पतीने हाती धरून जिला अक्षरे शिकवली, त्या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ निघू लागली, आणि १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’.

‘स्मृतिचित्रे’ सर्व धर्मांच्या घरांत प्रेमाने वाचली जातात, याचे कारण त्यांत कोठेही उपदेशाचा सूर नाही. बाई हसतात, रुसतात, नवऱ्याच्या उधळेपणावर चरफडतात, उसनेपासने करून पाहुण्यांना जेवू घालतात. धर्म त्या उसन्या पिठात असतो. आणखी एक गोष्ट त्या पुस्तकातून उमजते. नाव बदलल्याने, देऊळ बदलल्याने जात धुऊन जात नाही. दक्षिणेत कित्येक चर्चमध्येही जातीजातींच्या जागा वेगळ्या होत्या. ती धुवावी लागते स्वयंपाकघरात, ज्याच्या त्याने, आपल्या हाताने.

या चार दिवसांत आपल्या दारी पोस्त मागायला माणसे येतील. रस्ता झाडणारा येईल, कचरा नेणारी बाई येईल. आपण चिवडा देऊ, लाडू देऊ, दहा-वीस रुपयेही देऊ. दमलेली बाई पायरीवर टेकून पाणी मागेल. पुष्कळ घरांत अशा वेळी फळीच्या अगदी कडेला, कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असतो. कोणी ठेवला, केव्हापासून ठेवला, ते कोणालाच आठवत नाही. यंदा झाडलोट करताना तेवढा तो खाली काढावा, आणि घरच्या पेल्यात तिला पाणी द्यावे.