धडा, कडता आणि कायदा : बारदान-वजावटीचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना : तराजूवर माल क्वचितच एकटा येतो, तेलाबरोबर भांडे आणि धान्याबरोबर गोणी येते. निव्वळ वजनासाठी पात्राचे वजन वजा करावेच लागते. ही वजावट कोणी व कशाच्या आधारे करावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन संदर्भ : कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात तुला व मापे यांचे विवेचन आहे. द्रवपदार्थ मापताना होणाऱ्या गळतीपोटी १/५० भाग ‘मानस्राव’ म्हणून तेथे ठरवून दिला आहे. मापनातील तूट विक्रेत्याच्या मर्जीवर न सोडता राज्यसंस्थेने तिचे प्रमाण बांधून दिले, ही बाब लक्षणीय होय.

दोन पद्धती : मराठी व्यवहारात वजावटीच्या दोन रीती आढळतात. पहिली ‘धडा’ करण्याची. रिकामे भांडे एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वजन टाकीत काटा समतोल करावयाचा व मगच भांडे भरावयाचे. येथे भांड्याचे वजन आकड्यात कळण्याचीही गरज नसते. समतोल उभयपक्षांना दिसतो. दुसरी रीत ‘कडता’ वा ‘कटती’ची. भरलेली गोणी तोलून बारदानापोटी ठरावीक वजन कापावयाचे. येथे मोजमापाची जागा रूढी घेते. समजा, एक किलोच्या गोणीसाठी दोन किलो कापले, तर शंभर गोण्यांमागे शेतकरी एक क्विंटल माल गमावतो.

कायद्याचा हस्तक्षेप : वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारनियमनाचा पाया घातला. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा आला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारपेठा व प्रमाणित वजनमापे यांची शिफारस केली. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली, तर महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजारातील व्यापारी सूट-वजावटीला नियमांची मर्यादा घातली. आवेष्टित वस्तूंवर वेष्टन वगळून निव्वळ परिमाण छापणे आज बंधनकारक आहे.

निष्कर्ष : इलेक्ट्रॉनिक काट्यावरील एक कळ दाबताच पात्राचे वजन शून्य होते, हा धड्याचाच आधुनिक अवतार होय. मात्र काटा अचूक असला, तरी वजावट अंदाजाने होत असेल तर अन्याय कायम राहतो. म्हणून बारदान प्रत्यक्ष तोलले जाणे व ते विक्रेत्यासमक्ष तोलले जाणे, हाच न्याय्य व्यवहाराचा निकष ठरतो.