एका ‘ट’काराचें अंतर : मायटोसिस व मायोसिस

कानाला जवळजवळ सारखे लागणारे दोन शब्द शास्त्राच्या पुस्तकांत शेजारीं शेजारीं बसले, कीं विद्यार्थ्याची फजिती ठरलेलीच. ‘मायटोसिस’ व ‘मायोसिस’ या जोडीनें आजवर कितीकांचे गुण खाल्ले असतील! वस्तुतः दोहोंचें कुळ एक नाहीं. पहिल्याच्या मुळाशीं सूत या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दुसऱ्याचा अर्थ घट.

पहिलें नांव जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनीं १८८२ सालीं रूढ केलें. सॅलॅमँडर प्राण्याच्या पिलांच्या पेशी ॲनिलीन रंगांनीं रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहात. हे रंग निघाले कापडाच्या धंद्यासाठीं. पण पेशीकेंद्रांतील एक द्रव्य ते विशेष शोषून घेई. पेशी विभागतांना त्या द्रव्याचे धागे होतात व प्रत्येक धागा उभा चिरला जातो, हें फ्लेमिंगना दिसलें. दोन्ही नव्या पेशींना त्याचा सारखा वांटा मिळतो, हें लवकरच निश्चित झालें. जखम भरते, मूल वाढतें, तें याच रीतीनें. या धाग्यांना गुणसूत्रें म्हणतात.

पण येथेंच एक पेंच पडला. १८८३ सालीं बेल्जियमच्या व्हान बेनेदन यांनीं घोड्याच्या पोटांतील जंतांत पाहिलें, कीं फलित अंड्यांत मातेकडून दोन व पित्याकडून दोन गुणसूत्रें येतात. मग दर पिढीला आंकडा दुप्पट कां होत नाहीं? डोळ्यांच्या विकारामुळें सूक्ष्मदर्शक दूर ठेवावा लागलेल्या आउगुस्ट वाइजमान यांनीं १८८७ सालीं तर्कानेंच उत्तर दिलें : बीजपेशी तयार होतांना संख्या निम्मी झालीच पाहिजे. निरीक्षणानें तें खरें ठरलें, आणि १९०५ सालीं फार्मर व मूर यांनीं त्या घटीचें नामकरण केलें. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘सूत्री’ व ‘अर्धगुणसूत्री’ विभाजन हीं नांवें त्या मानानें प्रामाणिक. अर्थ लपवीत नाहींत.

मनुष्याचीं गुणसूत्रें ४६, हें चिओ व लेव्हान यांनीं १९५६ सालीं दाखविलें. तोंवर ४८ मानीत. १९५९ सालीं पॅरिसमध्यें डाउनच्या विकाराच्या मुलांत ४७ आढळलीं. बहुतेक वेळां ही चूक बीजपेशी घडतांना, मायोसिसमध्यें, म्हणजे गर्भ राहण्यापूर्वींच झालेली असते. गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं म्हणून सुनेला लावलेला बोल त्यामुळें सर्वस्वीं निराधार ठरतो. क्वचित् ती फलनानंतरच्या मायटोसिसमध्यें होते. तेव्हां त्याच मुलाच्या कांहीं पेशींत ४६ व कांहींत ४७ गुणसूत्रें सांपडतात.