नाडी मोजायची की पावले?

हृदयगतीमापक आणि ॲक्टिव्हिटी ट्रॅकर यांपैकी काय घ्यावे, हे ठरवण्यापूर्वी

मुंबईतील शिवाजी पार्क असो वा पुण्यातील पर्वतीच्या पायऱ्या, पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या मनगटावर आज लहानसा पडदा उजळलेला दिसतो. किती पावले झाली, किती कॅलरी जळल्या, नाडी किती आहे, असे सारे आकडे त्यावर एकाच जागी मिळतात. त्यामुळे दुकानात गेलेल्या ग्राहकाला छातीवर बांधायचा हृदयगतीमापक आणि मनगटावरचा ॲक्टिव्हिटी ट्रॅकर ही एकाच वस्तूची महाग-स्वस्त रूपे वाटू लागतात. वस्तुस्थिती तशी नाही. व्यायाम चालू असताना या क्षणी हृदयावर किती ताण आहे, हे हृदयगतीमापक सांगतो. दिवसभरात शरीराची हालचाल किती झाली, हे ट्रॅकर सांगतो. आपल्याला यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे आधी ठरवले तर निवड सोपी होते. ते न ठरवता केलेल्या खरेदीत पैसे वाया जातातच. पण हृदयविकार असलेल्या व्यक्तीने चुकीच्या आकड्यावर भिस्त ठेवली, तर प्रकृतीलाही धोका संभवतो.

छातीवरचा पट्टा

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म संदेशाने घडतो. हा संदेश त्वचेवरून टिपण्याचे तंत्र डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयात काढला जाणारा ईसीजी त्याच तंत्रावर आधारलेला आहे. छातीवरचा पट्टा हेच काम छोट्या प्रमाणावर करतो. त्याच्या आतील बाजूस विद्युतवाहक पट्ट्या असतात. त्या दोन ठोक्यांमधील अंतर मोजतात आणि त्यावरून मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा आकडा घड्याळाला किंवा मोबाइलला पाठवला जातो.

हे उपकरण क्रीडांगणावर आणण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. बर्फावरून लांब पल्ल्याचे स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंची नाडी सरावादरम्यान कशी मोजावी, ही तेथील प्रशिक्षकांची अडचण होती. औलू विद्यापीठातील प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ साली ‘पोलर’ ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ मध्ये तिने तारेविना चालणारा, अंगावर बांधण्याजोगा हृदयगतीमापक बाजारात आणला. तेव्हापासून पट्ट्याचे तत्त्व बदललेले नाही.

अचूकता हे या पट्ट्याचे बलस्थान. दिवसभर वापरण्यातील गैरसोय ही त्याची उणीव. बांधण्यापूर्वी त्याची आतील बाजू पाण्याने ओली करावी लागते, अन्यथा घाम येईपर्यंतची पहिली काही मिनिटे आकडे भरकटतात. पट्टा सैल असेल तर तो घसरतो, घट्ट असेल तर रुततो. कार्यालयात किंवा झोपेत तो बांधून ठेवणे बहुतेकांना जमत नाही. तो व्यायामाच्या तासाभरासाठीच आहे.

मनगटावरचा ट्रॅकर

ट्रॅकरचा पूर्वज म्हणजे पावले मोजणारे यंत्र. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाविषयी उत्साह वाढला होता. त्या वातावरणात १९६५ साली तेथील यामासा या कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा आहे. आज जगभर प्रमाण मानला जाणारा दहा हजार पावलांचा आकडा असा एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून आलेला नव्हता. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांची पावले मोजण्यात आली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि हा लाभ साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फारसा वाढला नाही. सांगितलेला आकडा गाठता आला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आजच्या ट्रॅकरमध्ये हालचाल ओळखणारी सूक्ष्म चकती असते. हाताच्या झुलण्यावरून ती पावलांचा अंदाज बांधते. साहजिकच मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन येताना काही पावले निसटतात, सायकल चालवण्याचे श्रम नीट मोजले जात नाहीत आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीने जाताना न चाललेली पावलेही जमा होऊ शकतात. मात्र तीच चूक रोज साधारण तेवढीच होत असल्याने कालच्यापेक्षा आज आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात हालचाल वाढली की घटली, हे ट्रॅकर पुरेसे विश्वासार्हपणे सांगतो.

हिरव्या दिव्याची मर्यादा

साधारण २०१५ पासून बहुतेक ट्रॅकर नाडीही दाखवू लागले आणि ग्राहकाच्या मनातील गोंधळ वाढला. मनगटावरील उपकरण ठोक्याचा विद्युतसंदेश टिपत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त हा प्रकाश शोषून घेते आणि ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण कमी-जास्त होत असल्याने परत येणारा प्रकाशही बदलतो. त्या बदलावरून नाडीचा हिशेब होतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना ही पद्धत चांगले काम करते. हात जोरात हलू लागला, पट्टा सैल असला, थंडीने त्वचेतील रक्तप्रवाह घटला किंवा त्या जागी गडद गोंदण असले की चूक वाढते. धावताना काही वेळा उपकरण पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजते आणि १३० च्या जागी १७० दाखवते.

क्लीव्हलँड क्लिनिक या अमेरिकी रुग्णालयातील संशोधकांनी २०१६ साली ५० निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर चालवून-धाववून ही उपकरणे ईसीजीशी ताडून पाहिली. छातीच्या पट्ट्याचे आकडे ईसीजीशी जवळपास तंतोतंत जुळले. मनगटावरील चारही उपकरणे त्याच्या मागे राहिली. तेव्हापासून मनगटी उपकरणे सुधारली आहेत, पण मूळ अडचण संपलेली नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात विश्रांतीच्या तुलनेत हालचालीच्या वेळी चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. त्वचेच्या वर्णामुळे मात्र अचूकतेत लक्षणीय फरक पडल्याचे या अभ्यासात दिसले नाही. सावळ्या त्वचेच्या वापरकर्त्यांना ही शंका अनेकदा असते, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे.

कॅलरींच्या आकड्याकडे मात्र दुर्लक्ष केलेलेच बरे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा सहांमधील नाडीची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या हिशेबात मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. पडद्यावर तीनशे कॅलरी दिसल्या म्हणून न्याहारीला जास्तीचा बटाटावडा घेणे त्यामुळे फसवे ठरते.

आकड्याचा अर्थ

अचूक नाडी कळली तरी ती जास्त की कमी, हे कशावरून ठरवायचे? २२० मधून वय वजा करून हृदयगतीची कमाल मर्यादा काढण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. पन्नाशीतील व्यक्तीसाठी ती १७० येते. तिच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके, हा मध्यम व्यायामाचा पट्टा आणि त्यापुढे ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १४५ पर्यंत, जोरकस व्यायामाचा मानला जातो. २००१ साली सुचवलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाला ०.७ ने गुणून येणारी संख्या २०८ मधून वजा करतात. पन्नाशीसाठी हे उत्तर १७३ येते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा किंवा त्याहूनही अधिक फरक असू शकतो. मुंबईच्या दमट हवेत तर त्याच वेगाने चालतानाही नाडी चढत जाते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधांची. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते. अशा व्यक्तीने वरच्या सूत्राने आकडा काढून तो गाठण्याचा हट्ट धरला, तर शरीरावर नको तितका ताण पडतो. त्यांची मर्यादा डॉक्टरांनीच, गरज भासल्यास स्ट्रेस टेस्ट करून, ठरवून द्यावयाची असते.

कोणी काय घ्यावे?

बैठे काम करणाऱ्या आणि चालण्याची सवय लावू पाहणाऱ्या व्यक्तीला साधा ट्रॅकर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. तेवढे चालणे होते की नाही, हे कळण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही.

मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. पेडर रोडच्या किंवा यवतेश्वर घाटाच्या चढावर हृदयावरील भार सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. पावलांच्या आकड्यात हा भार दिसत नाही. नाडीत तो लगेच दिसतो. थोडे धावून थोडे थांबण्याच्या सरावातही नाडी झपाट्याने बदलते आणि मनगटी उपकरण मागे पडते. पट्टा रुततो अशी तक्रार असणाऱ्यांसाठी दंडावर बांधायची प्रकाशाधारित उपकरणेही मिळतात; दंड मनगटाइतका हलत नसल्याने त्यांचे काम अधिक स्थिर चालते.

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर डॉक्टरांनी नाडीची मर्यादा आखून दिलेल्या रुग्णांनीही मनगटी आकड्यापेक्षा छातीच्या पट्ट्यावर भर द्यावा. पेसमेकर बसवलेला असल्यास कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारणे अगत्याचे आहे. काही घड्याळांत २०१८ पासून ईसीजीची सोय आली आहे. ती ठोक्यांची अनियमितता टिपू शकते, हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही.

खरेदीच्या वेळी

पट्टा प्रत्यक्ष बांधून पाहावा. त्याची कापडी बाजू सुटी करून धुता येते का, सेल घरी बदलता येतो का आणि तो आपल्या मोबाइलशी किंवा घड्याळाशी जोडला जातो का, याची खात्री करून घ्यावी. मनगटी उपकरण हाडापासून बोटभर वर, न घसरेल इतपत घट्ट बांधावे. माहिती कोठे साठवली जाते, हेही विचारावे. स्ट्राव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांवरील धावण्याचे मार्ग ओळखता येत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले होते. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असला, तरी आपले ठिकाण इतरांना दिसू न देण्याची निवड वापरकर्त्यालाच करावी लागते.

उपकरणाची परीक्षा घरीच करता येते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. बसल्या जागी हा आकडा पडद्यावरील आकड्याशी जुळला पाहिजे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढा दम लागणे हे मध्यम व्यायामाचे लक्षण मानले जाते. त्याला तर कोणत्याच यंत्राची गरज नाही.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, दरदरून घाम यांपैकी काहीही जाणवल्यास पडद्यावरचा आकडा कितीही समाधानकारक असो, व्यायाम तत्काळ थांबवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी विश्वास शरीरावर ठेवायचा असतो, यंत्रावर नव्हे.