वेठ, बिगार आणि बयाणा : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

सक्तीच्या श्रमाविषयीचे मराठी शब्द पाहू लागले असता त्यांचे दोन थर आढळतात. एक राजसत्तेच्या व वतनदारांच्या मागणीचा, दुसरा सावकारी देण्याघेण्याचा. कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांचा इतिहास लिहिताना या दोहोंची गल्लत झाली, तर मूळ प्रश्नच दृष्टीआड होतो.

‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आला. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ लेखात रुद्रदामन याने सुदर्शन तलावाची दुरुस्ती प्रजेला कर, विष्टी व प्रणय यांनी न पीडता केल्याचे अभिमानाने नमूद आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावास विष्टीतून सूट दिलेली आढळते. सूट मुद्दाम लिहावी लागे, यावरून नियम काय होता ते उघड आहे. ‘बिगार’ हा शब्द फारसी. ‘बाजारहाट’ शब्दाप्रमाणेच देशी व फारसी समानार्थी शब्द एकत्र येऊन ‘वेठबेगार’ हा जोडशब्द रूढ झाला. वेठ घेणारा अंमलदार, पाटील किंवा खोत असे. दक्षिण कोकणातील खोती गावांत कुळाला आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे राबावे लागे. तिला ‘आठवेठ’ म्हणत. या वेठीला कर्जाचा आधार लागत नसे. अधिकार पुरेसा होता.

दुसऱ्या थराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या माहितीसाठी १८८२ चा ठाणे गॅझेटिअर पाहावा लागतो. कुलाब्याचा खंड चाळून निराश होणारे अभ्यासक थोडे नाहीत. त्याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ‘लग्नगडी’ हा शब्द प्रचलित होता. लग्नासाठी जमीनदाराकडून रक्कम घेऊन तिच्या फेडीसाठी वर्षानुवर्षे राबणारा तो लग्नगडी. १९४५ च्या वारली आंदोलनात ही पद्धत आणि वेठ या दोहोंविरुद्ध लढा झाला. शब्दाची घडण मात्र पाहण्यासारखी आहे : ‘लग्न’ मंगल, आणि ‘गडी’ म्हणजे चाकर तसाच खेळातला सोबतीही. बंधनाची खूण त्यात कोठेच नाही.

कर्जत-खालापूरकडील शब्दही याच जातीचे आहेत. कात काढणे हा कातकऱ्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल आवळत गेले आणि कोळसाभट्टी, पुढे वीटभट्टी हाच त्यांतील पुष्कळांचा आधार झाला. पावसाळ्यात घरचे धान्य संपते, काम नसते. त्या वेळी मिळणारी उचल ती ‘खावटी’. धान्य घेतले तर ते ‘दिढी’ने, म्हणजे मणास दीड मण, फेडायचे. भट्टीमालकाच्या मुकादमाकडून पैसे घेतले तर तो ‘बयाणा’. बयाणा हा मुळात अरबी, खरेदीविक्रीच्या व्यवहारातला शब्द. सौदा पक्का झाल्याची ती विसाराची रक्कम. येथे सौदा होतो तो सबंध कुटुंबाच्या एका हंगामाचा. हंगामाअखेर हिशेबात बाकी ‘अंगावर’ राहिली, की पुढचा हंगामही विकला जातो. १९८० च्या दशकात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जत तालुक्यात धान्यबँका चालविल्या, त्या नेमक्या खावटीच्या या दुव्यावर.

याच काळात जुने शब्द भलतीकडे सरकले. ‘बिगारी’ म्हणजे आज इमारतीवरचा रोजंदारीचा मजूर. आणि ‘वेठीस धरणे’ हा प्रयोग वृत्तपत्रांत संपकऱ्यांविषयी होतो! सक्तीचे शब्द मोकळ्या श्रमाला चिकटले, बांधलेल्या श्रमाला अन्नाचे व व्यवहाराचे शब्द उरले.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या केंद्रीय कायद्यात अशा पद्धतींची प्रांतोप्रांतीची नावे दिली आहेत. त्यांत विष्टीचाच दाक्षिणात्य वंशज मानला जाणारा ‘वेट्टी’ आहे. ‘लग्नगडी’, ‘खावटी’, ‘बयाणा’ नाहीत. यादी केवळ उदाहरणादाखल असल्याने कायद्याच्या दृष्टीने बिघडत नाही. चौकशीच्या दृष्टीने बिघडते. “तू वेठबिगार आहेस काय?” या प्रश्नाला, ज्याने आपल्या हाताने बयाणा घेतला तो ‘नाही’ म्हणणे स्वाभाविक आहे. कलम १५ अन्वये कर्ज बंधनाचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सक्तीचे श्रम दिसताच त्यामागे उचल असल्याचे गृहीत धरावे, असे सांगितले. तेव्हा दप्तर शोधणाऱ्याने ‘वेठबिगार’ या सदराखाली फारसे काही न मिळाल्यास थांबू नये. मुकादमाची हिशेबवही, खावटीच्या नोंदी आणि ‘बाकी’चा रकाना पाहावा.